टर्बोला दम लागतो

भावेशने त्या बुधवारी एवढंच ठरवलं होतं, की पुढच्या टमटमला ओव्हरटेक करायचं. बस. (लोक याहून मोठमोठे निर्णय घेतात आणि सुखरूप घरी पोचतात.) पालघर-बोईसर रस्ता उमरोळीच्या अलीकडे मोकळा होता, समोरून कोणी येत नव्हतं, आणि भावेशच्या पायाखाली टर्बो इंजिन होतं. टर्बो म्हणजे काय, हे त्याने गाडी आल्यापासूनच्या दोन महिन्यांत सगळ्या नातेवाइकांना इतक्या वेळा समजावलं होतं, की एक आत्या त्याचा फोन उचलेनाशी झाली होती. "साधं इंजिन आपापला श्वास घेतं. टर्बोत पंखा हवा कोंबतो. पाय दाबला की गाडी उडते!"

तर त्याने पाय दाबला. गाडी उडाली नाही. गाडी विचारात पडली. मुलगी बघायला गेलेल्या नवऱ्या मुलासारखी खाली मान घालून बसली, आणि मग मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखा झटका देऊन चार हात सरकली. पुन्हा विचार. पुन्हा लाथ. अशा रीतीने भावेश टमटमच्या अगदी बरोबरीने, ना पुढे ना मागे, अर्धा किलोमीटर चालला. टमटमच्या मागच्या बाकावर मासळीची पाटी मांडीवर घेऊन बसलेली सातपाटीची बाई त्याच्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"काय रे पोरा, आमच्या सोबतीला आलाय काय?"

भावेशने ब्रेक मारला आणि मुकाट मागे राहिला.

आता हा भावेश कोण, ते सांगायला हवं. वय तेवीस. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेलं. कॉलेजने त्याला काढलं नव्हतं, त्याने कॉलेजला काढलं होतं, असं तो स्वतः सांगायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, "जो माणूस वीस वर्षं त्याच पिवळ्या वहीतून इंजिन शिकवतो आणि स्वतःच्या स्कूटरचा प्लग काढायला मेकॅनिक बोलावतो, त्याच्याकडून मी काय शिकू?" यात चूक काही नव्हतं. पण खरं बोलणाऱ्या मुलाला आपल्याकडे 'वाया गेलेला' म्हणतात, आणि असं म्हणणाऱ्यांत पहिला नंबर त्याच्या बाबांचा होता.

बाबा म्हणजे शांताराम. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फिल्टर प्रेसवर एकतीस वर्षं काढलेली. फिल्टर प्रेस म्हणजे जाडजूड कापडातून गाळ गाळायचं यंत्र. रिटायर झाल्यापासून गाळायला गाळ उरला नव्हता, म्हणून ते मुलाला गाळत. रोज सकाळी, चहाबरोबर. "सुटलेले पेपर दे. फॉर्म भर. डिग्री नाय तर माणूस नाय." परीक्षेचा फॉर्म त्यांनी स्वतः आणून फ्रिजवर लोहचुंबकाने लावला होता, म्हणजे भावेश थंड पाणी प्यायला गेला तरी त्याला घाम फुटावा.

भावेशला फॉर्म नको होता. त्याला बोईसरच्या चिल्हार रोडवरच्या अंकुशदादाच्या गॅरेजात काम हवं होतं. हा अंकुशदादा गाडीच्या बोनेटला कान लावून बिघाड सांगायचा, आणि गॅरेजात कोणाला ठेवायचं ते त्याहून बारकाईने बघायचा. टमटमच्या नामुष्कीनंतर भावेश थेट त्याच्याकडे गेला.

"दादा, गाडी दम खातेय. साधी चालवली तर लोण्यासारखी. जोरात पाय दाबला की अडखळते."

"मग?"

"मग बघा ना जरा."

अंकुशदादाने कपड्याला हात पुसले. "तुला माझ्याकडं काम हवं ना? तुझे बाबा येऊन सांगून गेलेत, पोराला ठेवू नका म्हणून. मी बोललो, बघतो. आता तूच बघ. तुझी गाडी, तुझा बिघाड. बिघाड दाखवणारा स्कॅनर लावायचा नाय, माझा हात लागणार नाय. रविवार संध्याकाळपर्यंत शोधून आण. सापडलं तर सोमवारी ये. नाय सापडलं तर बापाचं ऐक, तो फॉर्म भरून टाक."

म्हणजे पंख्याखाली पिवळी वही, की गाडीखाली तेलाचे हात, याचा निकाल आता त्या एका अडखळण्यावर होता.

गुरुवारी भावेशने पेट्रोलला दोष दिला आणि दुसऱ्या पंपावर टाकी भरली. गाडी दुसऱ्या पंपाच्या पेट्रोलवरही तशीच अडखळली. शुक्रवारी प्लग काढले. ते बिचारे निर्दोष होते, तरी बदलले. मग टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या पाइपांना साबणाचं पाणी लावून कुठे फुगे येतात का ते बघत बसला. फुगे आले नाहीत, खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या आणि "एवढी धुतोस तर आमची स्कूटर पण घे" म्हणून गेल्या. हवा मोजणारा सेन्सर त्याने तान्ह्या बाळाचा कान साफ करावा तसा हलक्या हाताने साफ केला.

एअर फिल्टरचा डबाही उघडला. चार क्लिपा काढल्या, झाकण वर केलं, आत पांढराशुभ्र फिल्टर. व्हिडिओत बघितलेले खराब फिल्टर काळेकुट्ट होते. हा तर लग्नातल्या सदऱ्यासारखा. भावेशने झाकण बंद केलं आणि वहीत 'फिल्टर ओके' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

बाबा मागे कपबशी घेऊन उभे होते. "फिल्टरची काळजी तू करूच नको. तो एक नंबर हाय. त्याला मी..."

"बाबा, प्लीज. तुमचं फिल्टर प्रेस वेगळं, हे वेगळं. तुम्हाला यातलं काय कळतंय?"

"अरे पण ऐकून तर..."

"नाही ऐकायचं!"

बाबा बशीतला चहा पिऊन आत गेले. (मोठी माणसं वर्षभर नको ते सांगत असतात. त्यामुळे ज्या दिवशी हवं ते सांगायला येतात त्या दिवशी त्यांचं कोणी ऐकत नाही. यात चूक कोणाची ते ज्याने त्याने ठरवावं.)

शनिवारी रात्री जेवताना बाबांनी फ्रिजकडे नुसतं बघितलं. तेवढ्याने भावेश भडकला. "एकतीस वर्षं गाळ उपसलात, काय मिळालं तुम्हाला? खोकला!" असं म्हणाला आणि ताटावरून उठला. बाबा काही बोलले नाहीत. आईने गार झालेली आमटी पुन्हा पातेल्यात ओतली.

रविवारी सकाळी भावेश गॅलरीत उभा राहून भाग्येशशी फोनवर बोलत होता. भाग्येश त्याचा कॉलेजातला मित्र, आता स्पेअर पार्टच्या दुकानात. आई, म्हणजे शैला, आत तांदळाच्या भाकरी थापत होती, आणि तिच्या कानावर फोनची एकच बाजू पडत होती.

"दाब तयार होतोय रे, पण वर पोचत नाय... नाय नाय, शांत असलं तर काहीच त्रास नाय. जोर लावला की दम लागतो... हो, घुसमटल्यासारखा आवाज... गळती असेल, नाय तर आत काहीतरी अडकलंय... उघडूनच बघावं लागेल, पाइप काढून. आजच. संध्याकाळपर्यंत नाय कळलं तर संपलं सगळं... बाबांना? बाबांना कशाला सांगू?"

शैलाच्या हातातली भाकरी तव्यावर न पडता शेगडीवर पडली.

तिला आठवलं, कालच 'हे' जिन्यात मध्येच थांबले होते, कठड्याला धरून. (ते सोसायटीची पाण्याची नोटीस वाचत होते.) रात्री 'हे' जेवताना गप्प होते. आणि पोराला सगळं माहीत होतं! डॉक्टरशी परस्पर बोलणी चालली होती! तिने पदराने डोळे पुसले आणि दांडी गावातल्या भावाला फोन लावला.

चंद्रभानमामा पाऊण तासात मोटरसायकलवर हजर झाले, हँडलला चार शहाळी लटकवून. चंद्रभानमामांनी आजवर कोणाचा जीव वाचवलेला नव्हता, पण जिल्ह्यातल्या प्रत्येक हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये वडा कधी गरम असतो ते त्यांना तोंडपाठ होतं. "बोईसरला छातीचा डॉक्टर हाय आपल्या ओळखीचा," ते कुजबुजले. "रविवारी पण बघतो. भावोजींना काय सांगितलंस?"

"सांगितलं, तुला बरं नाय म्हणून. त्यांना खरं कळलं तर घाबरतील."

भावेश पाना घेऊन खाली चालला होता. आईने त्याला दारात गाठलं. "गाडी काढ. बाबांना बोईसरला डॉक्टरकडे न्यायचंय. छातीचं हाय. त्यांच्यासमोर एक शब्द काढू नको."

भावेशच्या हातातून पाना गळून त्याच्याच पायावर पडला, पण त्याला लागलंच नाही. त्याला फक्त आदल्या रात्रीचा 'खोकला' हा शब्द ऐकू येत होता. आपण बोललो, आणि रात्रीत यांना... फॉर्म, गॅरेज, अंकुशदादा, सगळं डोक्यातून पुसून गेलं. तो दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावला.

गाडी निघाली. पुढे बाबा, मागे आई आणि मामा, मामांच्या मांडीवर शहाळी.

कोळगाव येईपर्यंत बाबा मागे वळून मेव्हण्याकडे काळजीने बघत होते. "चंद्रभान, काच खाली करू काय? घाम येतोय?"

"मला कशाला घाम?" मामा म्हणाले. आईने त्यांना कोपराने ढोसलं. "हां, हां. येतोय. थोडा."

"बोलू नको तू. शहाळं पी."

"शहाळं तुमच्यासाठी आणलंय भावोजी."

"माझ्यासाठी? आजारी तू, आणि शहाळं मी पिऊ?"

"तुम्हालाच गरज हाय!"

"बघ शैला, डोक्यावर पण परिणाम झालाय याच्या," बाबा हळूच म्हणाले. मग त्यांनी शहाळ्याला स्ट्रॉ टोचून ते जबरदस्तीने मामांच्या तोंडाला लावलं. मामा पीत होते आणि 'पेशंट' त्यांना पाजत होता. भावेशला हे सगळं आरशात दिसत होतं, पण त्याचा अर्थ लावायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

उमरोळीच्या पुढे एक लांबलचक टँकर आडवा आला. त्याच्या मागे गाडी रांगू लागली.

"घे ना रे पुढे!" आई म्हणाली. "जोरात घे!"

भावेशने गाडी बाहेर काढली आणि पाय पार तळापर्यंत दाबला. गाडीने परंपरेला अनुसरून विचार सुरू केला. टँकर डाव्या हाताला, समोरून एक टेम्पो दिवे मारत येतोय, आणि गाडी टँकरच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या अधेमधे अडखळतेय. टँकरवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "अबे निकलना है तो निकल! शादी का मुहूरत देख रहा है क्या?"

"नको!" भावेश स्टीअरिंगवर हात आपटत ओरडला. "आता दम नको लागू दे! आता नको!"

"अहो!" आईने मागून बाबांचे खांदे धरले. "दम लागला काय तुम्हाला?"

"मला कशाला? चंद्रभानला बघ!"

"मला काही नाय झालेलं!" मामा शहाळ्यातून तोंड काढून ओरडले. "तुम्हाला झालंय!"

भावेशने गाडी मागे घेतली, टँकरच्या मागे आणली आणि रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभी केली. तो बाबांकडे वळला. "बाबा, छातीत दुखतंय का?"

"कोणाच्या?"

"तुमच्या!"

"माझ्या छातीला काय धाड भरलीय? कोण सांगतं?"

तिघांनी आईकडे बघितलं. आईने भावेशकडे बघितलं. "तूच तर सकाळी फोनवर सांगत होतास. दाब चढत नाय, दम लागतो..."

"अगं, ते गाडीचं! टर्बोचा दाब!"

"मग पाइप काढायचे ते?"

"गाडीचे!"

"आणि गळती?"

"गाडीला!"

"मग संध्याकाळपर्यंत नाय कळलं तर संपलं, ते कोणाचं?"

"माझं!"

मग आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि लगेच दुसरा, आणि दुसऱ्या धपाट्यानंतर ती रडू लागली, म्हणजे हसू लागली. दोन्ही एकदम चाललं होतं. भावेशने कपाळ स्टीअरिंगला टेकवलं. हॉर्न वाजत राहिला, तरी त्याने डोकं उचललं नाही. बाबांना काही झालेलं नव्हतं. या एका गोष्टीपुढे जगातले सगळे फॉर्म त्याला त्या वेळी हलके वाटले. (पाच मिनिटांनी पुन्हा जड वाटू लागले, पण तो भाग वेगळा.) एकटे मामा जरा नाराज दिसत होते. त्यांचा गरम वडा हुकला होता.

"पण मी बोलतो," बाबा हनुवटी खाजवत म्हणाले, "गाडीला दम लागेलच कसा? मी तर तिला मास्क लावलाय."

हॉर्न बंद झाला.

"काय लावलंय?"

"मास्क. दोनपदरी. याच मंगळवारी."

आता घरातल्या नळांबद्दल सांगायला हवं. शांतारामच्या घरातल्या प्रत्येक नळाला फिल्टर प्रेसच्या कापडाचा लंगोट बांधलेला होता. मिक्सरच्या बुडाला होता, टेबल फॅनच्या मागे होता, आणि पाहुणे येण्याआधी भावेश ते काढून कोनाड्यात लपवायचा. या माणसाच्या मते जगातलं सगळं दुःख न गाळल्यामुळे होतं. पण भावेशच्या डोक्यात हे कधी आलं नाही, की लंगोटाची ही परंपरा बोनेटखालीही पोचली असेल.

"तू दुपारी झोपला होतास तेव्हा," बाबा सांगू लागले, "मी माप घेतलं. हिने मशीनवर शिवलं. फिल्टरला चढवलं, वर झाकण. अरे, मी एकतीस वर्षं कंपनीतली हवा ओढलीय. काल तूच बोललास ना, काय मिळालं? मला मिळालं ते मिळालं. गाडीच्या छातीत कशाला जाऊ द्यायचं?"

भावेशने स्टीअरिंग सोडून बोनेटकडे बघितलं.

मग त्याला सगळं दिसू लागलं. हळू चालवली की इंजिन थोडीच हवा मागतं, ती कापडातून कशीबशी मिळते. पाय दाबला की टर्बो छातीभर हवा ओढायला जातो, आणि दोनपदरी कापड ओलं फडकं तोंडावर धरावं तसं फिल्टरला चिकटून बसतं. प्लग निर्दोष. पाइप निर्दोष. आणि तो पांढराशुभ्र फिल्टर, ज्याच्या खाली त्याने दोन रेघा मारल्या होत्या, तो फिल्टर नव्हताच. तो बाबांच्या कंपनीचा जुना स्टॉक होता.

त्याने बोनेट उघडलं, क्लिपा काढल्या, कापड सोलून काढलं. आत खरा फिल्टर सापडला. रसवाल्याने कुतूहलाने विचारलं, "भाऊ, उशीचा अभ्रा?"

पुन्हा रस्ता. पुन्हा तोच टँकर, आता सरावलीच्या जवळ. भावेशने श्वास रोखला आणि पाय दाबला. गाडीने विचार केला नाही. ती अशी सुटली, की मामांच्या उरलेल्या शहाळ्याने मामांनाच आंघोळ घातली, बाबांनी वरचं हँडल दोन्ही हातांनी पकडलं आणि आईच्या तोंडून 'आई गं' बाहेर पडेपर्यंत टँकर आरशात काडेपेटीएवढा झाला होता.

"हळू रे, हळू!" बाबा ओरडले. पण हसत होते. भावेशने चोरून बघितलं, नक्की हसत होते.

डॉक्टरऐवजी वरात अंकुशदादाच्या गॅरेजात शिरली. भावेशने कापड घडी घालून मागच्या खिशात ठेवलं होतं, आणि वाटेत भाषणही तयार केलं होतं. "दादा, मी एकेक शक्यता काढत गेलो. आधी इंधन. मग स्पार्क. मग हवेची वाट. जास्त जोरात हवा मागितली की कमी पडते, म्हणजे अडथळा तोंडाशीच..." बाबा शेजारी उभे राहून मान डोलावत होते. त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. भावेशला वाटलं, बाप असावा तर असा. त्याने खिशातून कापड काढून अंकुशदादाच्या हातात ठेवलं.

अंकुशदादाचं भाषणाकडे लक्ष नव्हतं. त्याने कापड उलटंसुलटं केलं, कोपरा ताणून बघितला, शिवणीवरून नख फिरवलं. "हे कोणी शिवलं?"

"ते... मिळालं आत."

"किनारीला इलॅस्टिक. कोपऱ्यांना डबल टीप. सुरकुती नाय एक." अंकुशदादाने मान वर केली. "असं माप घेणारा माणूस मी चार वर्षं शोधतोय."

आता कुठल्या बापाला राहवेल? "माप माझं," बाबा म्हणाले. "शिवण हिची."

भावेशचं भाषण तिथेच विझलं. "म्हणजे बिघाड तुम्ही घरातच तयार केला," अंकुशदादा म्हणाला, "आणि घरातच शोधलात." मग तो इतका हसला, की त्याला स्टुलावर बसावं लागलं. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाला, "तरी पण. जोरात गेल्यावरच का अडखळते, ते बरोबर सांगितलंस. ये सोमवारी."

भावेशचा जीव भांड्यात पडला. पुढचं बोलणं त्याला नीटसं ऐकूच आलं नाही. म्हणजे अंकुशदादाने आईला खुर्ची दिली, काम करताना गाडीवर ओरखडे पडू नयेत म्हणून मडगार्डवर टाकायला कापडं हवीत, सीटला कव्हरं हवीत, असं काहीबाही चाललं होतं. घरी आल्यावर बाबांनी फ्रिजवरचा फॉर्म काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मडगार्डची मापं लिहायला बसले. तेव्हा कुठे भावेश ग्लासभर थंड पाणी प्यायला. घाम न फुटता.

सोमवारी सकाळी नऊला गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. मागच्या सीटवर आई, मांडीवर शिलाई मशीनचं डोकं. पुढे बाबा, गळ्यात टेप. भावेश नवा पाना खिशात टाकून, बाह्या वर करून उतरला. अंकुशदादा स्वतः पुढे आला, सगळ्या मेकॅनिकांना टाळी वाजवून जवळ बोलावलं आणि ओळख करून दिली. "हे शांतारामकाका. मापाचा देवमाणूस. ह्या शैलाकाकी. यांच्या शिवणीला हात लावायच्या आधी हात धुवायचे. काय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी आईच्या हातातलं मशीन घेतलं, कोणी बाबांसाठी पंखा फिरवला. भावेश बाह्या वर करून तसाच उभा होता. एका मेकॅनिकने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि चहाची किटली उचलत अंकुशदादाला विचारलं,

"सेठ, इनके ड्रायव्हर की चाय बाहर गाडी में दे दूँ?"